पुंगळ्या वेचणारा अर्विड

अर्विड टोलेफसनला आमच्या गावात सगळे ओळखत. पण त्याच्याशी नीट दोन वाक्यं बोललेली माणसं फार थोडी. हा त्याचा तुसडेपणा नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

जन्मतः बहिरा नव्हता तो. लहानपणी वडिलांच्या गव्हाच्या शेतात बिळं करणाऱ्या खारी मारायचं काम त्याच्याकडे होतं. सकाळपासून दुपारपर्यंत बंदूक, आणि कान उघडे. त्या काळी कानात कापसाचा बोळा घातला तरी पोरं हसायची. पुढं रेल्वेलगतच्या धान्याच्या कोठारात नोकरी लागली, ती निवृत्त होईपर्यंत. गहू वाळवणारे ते मोठाले पंखे घुमायला लागले की कोठाराचा पत्रा थरथरायचा, आणि अर्विड त्यांच्या अगदी बुडाशी उभा. कान कधी गेले ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. "एक दिवस लक्षात आलं की उन्हाळ्यात टोळ ओरडत नाहीयेत," एवढंच म्हणायचा.

तरी त्याचं अडत नव्हतं, कारण घरात सोल्वेग होती. ही त्याची थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. आईवडिलांच्या मागं गावातल्या छोट्या पांढऱ्या घरात दोघं राहायची. फोन सोल्वेग घ्यायची, डॉक्टरशी सोल्वेग बोलायची, चर्चच्या तळघरातल्या जेवणाला गेलं की टेबलावरचं बोलणं ती त्याला ओठ हलवून, आवाज न काढता, पुन्हा सांगायची. तिचे ओठ त्याला वाचता यायचे. दुसऱ्या कुणाचे नाही.

मग त्याच तळघरात, बासष्टाव्या वर्षी, सोल्वेग प्रेमात पडली. दूर पश्चिमेकडच्या स्पोकेन शहरातून पुतणीच्या लग्नाला आलेला एक विधुर होता, जाड भुवयांचा, सतत हसणारा. त्यानं तिच्या हातची लेफ्से खाल्ली. आमच्याकडची ही बटाट्याची पातळ पोळी, लोणी आणि साखर लावून गुंडाळायची. तिसरी पोळी खाताना त्यानं तिला विचारलं, "तुम्ही रोज करता का हो हे?" गावाला हसायला विषय मिळाला. वर्ष संपायच्या आत ती त्याच्या गाडीत बसून स्पोकेनला निघून गेली. निघताना तिनं अर्विडला बरोबर चलायला सांगितलं. तो नको म्हणाला. तिनं आग्रह केला, रडली, शेवटी गाडीत बसली. अर्विड अंगणात हात वर करून उभा राहिला आणि गाडी धूळ उडवत वळली तरी तसाच राहिला. हे मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलंय. आमचं घर समोरच होतं तेव्हा.

मी लिनेट. बियाणं आणि पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर असते. सोल्वेग गेल्यानंतर अर्विडला खरेदीला स्वतः यावं लागायचं. एकदा पक्ष्यांसाठी सूर्यफुलाचं बी घेतलं त्यानं. मी विचारलं, "अर्विड, पावती देऊ?"

"पाऊस?" त्यानं दाराबाहेर आभाळाकडं पाहिलं. "छे! या आठवड्यात कसला पडतोय!"

रांगेतली माणसं हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली. त्यानं मागं वळून पाहिलं, सगळे हसताहेत म्हणून तोही हसला, पोतं उचललं आणि गेला. तेव्हापासून तो भर दुपारी यायला लागला, जेव्हा बाकीचे जेवायला गेलेले असत. कानातली यंत्रं त्याला मिळाली होती. त्यानं ती आठवडाभर लावली आणि काढून ठेवली. "सगळं गाव माझ्या कानात चमचे आपटतंय," म्हणाला.

रविवारी मात्र अर्विड वेगळा माणूस असायचा. गावाच्या दक्षिणेला, कुरणं संपतात तिथं आमची चांदमारी आहे. मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं निशाणांच्या चौकटी, आणि अलीकडं पत्र्याच्या छपराखाली लाकडी टेबलांची रांग. चर्च सुटलं की अर्धं गाव तिथं. अर्विड आपली पिकअप नेहमी उजव्या टोकाला लावायचा, मागचं फळकं पाडून त्यावर बसायचा, थर्मासमधून कॉफी ओतायचा.

तिथं कुणी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता, कारण प्रत्येकाच्या कानावर जाड कानझाकणं. काही हवं असलं की खांद्यावर थाप मारायची, बोटानं दाखवायचं, भुवया उडवायच्या. नेम चुकला की तोंड वाकडं करायचं. चांगला लागला की अंगठा. आणि या भाषेत अर्विडइतका पटाईत कुणी नव्हता. कुणाची गोळी डावीकडं जात असली तर तो नुसता खांदा किंचित खाली करून दाखवायचा, आणि त्या माणसाला कळायचं की आपण बंदूक आवळून धरतोय. माझ्या वडिलांची आणि त्याची गंमत अशीच चालायची. वडिलांचा नेम चुकला की अर्विड टोपी काढून छातीशी धरायचा, जणू कुणी वारलंय. वडील त्याच्या अंगावर रिकामी पुंगळी फेकायचे. ती तो झेलून बादलीत टाकायचा.

कारण त्याचं खरं काम तेच होतं. गोळी सुटली की बंदुकीतून रिकामी पुंगळी उडते, गवतात पडते. ती पितळेची असते, धड असली तर पुन्हा भरता येते. बहुतेकांना त्याचा कंटाळा. ते पुंगळ्या तशाच टाकून जायचे, आणि अर्विड त्या वेचायचा. टेबलांपुढं गवतात दहाबारा पावलांपर्यंत त्या पसरलेल्या असत. लांब दांडीला तारेचा गोल पिंजरा लावलेलं, अक्रोड वेचायचं एक अवजार त्याच्याकडं होतं. ते गवतावरून फिरवलं की पुंगळ्या तारांतून आत शिरायच्या. घरामागच्या शेडमध्ये तो त्या धुवायचा, घासायचा, बुडातली वापरलेली ठिणगीची टोपी ठोकून काढायचा, साच्यात दाबून मापात आणायचा, नवी टोपी, मोजून बंदुकीची दारू, वर गोळी. स्वतःपुरतं भरायचा. उरलेल्या पुंगळ्या लागतील त्याला देऊन टाकायचा.

वेचायला जायची वेळ ठरलेली होती. खांबावर लाल झेंडा असेतो गोळीबार. झेंडा खाली आला की सगळ्यांनी बंदुका मोकळ्या करून ठेवायच्या, निशाणं बघायला जायचं. हे सगळं लाव्हर्न बघायचा. लाव्हर्न म्हणजे कोठारातला अर्विडचा जुना सोबती. झेंडा पुन्हा चढवायच्या आधी तो न चुकता अर्विडकडं बघायचा, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडं, मग टेबलांकडं. अर्विड मान हलवून मागं यायचा. कित्येक वर्षं हे असं चाललं.

मग बदल झाले, आणि एकेक बदल चांगल्यासाठीच झाला. लाव्हर्नचे गुडघे गेले, त्यानं काम सोडलं. त्याच्या जागी ब्रेडी आला. तरणा, कामसू, आमच्या शाळेत मुलांना कुस्ती शिकवणारा. वाऱ्यानं झेंडा फाटत होता, दोरी झिजत होती, म्हणून त्यानं झेंडा काढून ध्वनिक्षेपक बसवला. त्याच सुमारास नवी कानझाकणं आली. बॅटरीवर चालणारी. धडाका अडवतात, पण माणसाचं बोलणं आत येऊ देतात. आधी एकदोघांनी घेतली, मग सगळ्यांनीच. मीही घेतली.

चांदमारीवर गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या गायी व्यायल्या, कुणाच्या सुनेचं काय चाललंय, सगळं टेबलावरून टेबलावर. हसणंही ऐकू यायला लागलं. अर्विड फळक्यावर बसून एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडं बघत राहायचा. मी त्याच्याकडं बघून अंगठा दाखवायचे. तोही दाखवायचा. पण कशाबद्दल, ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

ते घडलं त्या रविवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. अशा वेळी गर्दी असते, सगळ्यांना बंदुकीवरची दुर्बीण नीट करून घ्यायची असते. मी उजवीकडच्या शेवटच्या टेबलावर होते. निशाणं बघून सगळे परत आले, बसले. ब्रेडीनं रांगेवरून नजर टाकली आणि ध्वनिक्षेपकावर तीनदा सांगितलं, "सगळे मागं. भरा. सुरू करा."

मी गोळी भरली, गाल लाकडाला लावला, डोळा दुर्बिणीला. निशाण दिसेना. नुसतं तपकिरी काहीतरी पसरलेलं. मला वाटलं काचेवर धूळ बसली असेल. बोट चापाजवळ नव्हतं अजून, एवढं देवानं राखलं. मी डोकं वर काढलं.

दुर्बिणीतलं ते तपकिरी म्हणजे अर्विडचं जाकीट होतं. तो माझ्या टेबलापुढच्या उंच गवतात गुडघ्यावर वाकून काहीतरी वेचत होता आणि आता हळूहळू उठत होता. माझ्याकडं पाठ.

मी ओरडले. सगळ्यांना ऐकू आलं, ज्याला यायला हवं होतं तो सोडून. डाव्या टोकाला तोवर कुणाची तरी गोळी सुटली होती. तो धक्का अर्विडला छातीत जाणवला असणार, तो वळला. त्याच्या मुठीत पुंगळ्या होत्या. त्यानं टेबलांकडं पाहिलं, सगळे त्याच्याकडं बघत उभे. त्याला वाटलं आपली वाट बघताहेत. तो ओशाळं हसला, हात वर केला, जरा थांबा असा. मग त्याची नजर माझ्या बंदुकीच्या तोंडावर गेली, आणि तिथून माझ्या चेहऱ्यावर.

तो हात खाली आला. पुंगळ्या गवतात पडल्या, त्या त्यानं उचलल्या नाहीत.

ब्रेडी धावत आला. भीतीनं पांढरा पडला होता, म्हणून ओरडत होता. "मरायचंय का तुला? आं? तुझं मरण माझ्या डोक्यावर घालायचंय का? तीनदा सांगितलं मी, तीनदा!"

अर्विड त्याच्या तोंडाकडं बघत होता. मग माझ्याकडं वळला. "काय म्हणतोय तो?"

आता काय सांगायचं? मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तू दिसला नाहीस म्हणतोय!"

"काय?"

"दिसला नाहीस, अर्विड! कुणालाच दिसला नाहीस!"

हे मात्र सगळ्या चांदमारीनं ऐकलं. अर्विडनं मान हलवली. अवजार उचललं, बादली पिकअपमध्ये ठेवली, फळकं लावलं, आणि नेहमीसारखा हळू गाडी चालवत निघून गेला.

क्लबची बैठक झाली. कुणी त्याच्याविरुद्ध बोललं नाही. ब्रेडीच म्हणाला, "चूक माझी पण आहे. मी शेवटच्या टेबलाच्या पुढं जाऊन बघायला हवं होतं." ठरलं ते असं: गोळीबार चालू असताना अर्विडनं येऊ नये. त्याला फाटकाची किल्ली द्यायची. सोमवारी, मंगळवारी, हवं तेव्हा यावं, सगळं मैदान त्याचं. ब्रेडी स्वतः किल्ली घेऊन त्याच्या घरी गेला. अर्विडनं ती घेतली, आभार मानले. पण तो कधी आला नाही. सोमवारीही नाही, कधीच नाही. पुंगळ्या गवतात काळ्या पडायला लागल्या.

मग लोकांनाच वाईट वाटायला लागलं. रविवारी जाताना जो तो आपापल्या पुंगळ्या गोळा करायला लागला. आपापल्या नावाच्या बादल्या भरल्या की जाता जाता अर्विडच्या पायरीवर ठेवायच्या. "म्हातारा खूश होईल," म्हणायचे. लाव्हर्ननं तर काठी टेकत टेकत स्वतः वेचल्या. पायरीवर एक बादली होती, मग चार झाल्या, मग दारापर्यंत रांग. हंगाम संपला, बर्फ पडलं, आणि बादल्या तशाच बर्फाखाली गेल्या. त्यानं एकीलाही हात लावला नव्हता.

डिसेंबरात मी गेले. माझ्या हातातही एक बादली होती, खोटं कशाला सांगू! दार वाजवून उपयोग नव्हता. मी खिडकीसमोर उभी राहून हात हलवला. तो आला, बादलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"तूसुद्धा?" म्हणाला.

घरात त्यानं कॉफी दिली. स्वयंपाकघर लख्ख होतं. टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रं रचलेली. ती उचलून त्यानं मला जागा केली. मी मोठ्यानं विचारलं, "पुंगळ्या घेत का नाहीस? सगळे तुझ्यासाठीच ठेवताहेत."

हे दोनदा म्हणावं लागलं. मग त्यानं कप खाली ठेवला.

"पितळ काय, दुकानातही मिळतं, पोरी. मी काही पितळेसाठी यायचो नाही."

"मग?"

"तिथं कुणी कुणाशी बोलायचं नाही." तो हसला. "सगळे बहिरे. मला बरं वाटायचं." मग हात झटकला. "ते तर आधीच संपलं होतं म्हणा. तुम्ही सगळी बडबडायला लागलात. तो दिवस उगाच निमित्त."

मी कॉफी संपवली.

त्या हिवाळ्यात मी काही रविवार त्याच्या शेडमध्ये गेले. बादल्या आम्ही बर्फातून खणून आत आणल्या. पुंगळ्या घासायला त्याच्याकडं एक फिरतं पिंप होतं, आत मक्याच्या कणसाचा भरडा. ते फिरायला लागलं की शेडमध्ये असा खडखडाट की मीही कानझाकणं चढवली, जुनी, बिनबॅटरीची. मग आम्ही दोघं समोरासमोर उभी राहून पुंगळ्या निवडायचो. तडा गेलेली एका डब्यात, धड दुसऱ्यात. मी चुकले की तो टोपी काढून छातीशी धरायचा. माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी हसले, आणि मग माझे डोळे भरून आले. त्यानं पिंप बंद केलं नाही. नुसतं दुसरीकडं बघितलं.

मी ब्रेडीला सांगून खांबावर नवीन झेंडा लावून घेतला. ब्रेडीनं एका शब्दात ऐकलं. मी धावत अर्विडकडं गेले. "झेंडा लावलाय! आता ये तू. दर खेपेला मी स्वतः तुझ्याजवळ येऊन सांगेन."

त्यानं मान हलवली. "नको. आता सगळे माझ्याकडंच बघत बसतील. नेम कोण धरणार?"

त्याचं खरं होतं. आम्ही बघतच बसलो असतो.

मार्चमध्ये बर्फ वितळलं तसं गावात नवल झालं. लोक सकाळी उठले तर दारात कॉफीचे रिकामे डबे. आत त्यांच्याच पुंगळ्या, घासून सोन्यासारख्या पिवळ्या, एकाही डब्यात एकही तडकलेली नाही. ज्यानं दिलेल्यांतल्या जेवढ्या धड निघाल्या, त्याला तेवढ्या परत. लाव्हर्नला मिळाल्या, ब्रेडीला मिळाल्या. ब्रेडी डबा घेऊन दुकानात आला आणि गल्ल्यावर ठेवला.

"परत का केल्या गं त्यानं? रागावलाय का माझ्यावर अजून?"

"रागावलेला नाही."

"मग हे काय?"

मी समजावत बसले नाही. समजावलं असतं तर तो पुन्हा काहीतरी भलं करायला गेला असता.

उन्हाळ्यात सोल्वेग आली. म्हातारी झाली होती, पण नवऱ्याच्या गोष्टी सांगताना गालावर लाली. तिनं आठवडाभर भावाला बरोबर चलायला खूप समजावलं, बिनआवाजाच्या ओठांची ती त्यांची भाषा खिडकीतून मला दिसायची. एकदा ती माझ्या दारात आली. "लिनेट, तुझ्याशी बोलतो तो. तू सांग ना त्याला. तिथं स्पोकेनला बहिऱ्यांचा क्लब आहे, हातांनी बोलतात, शिकवतात. तो म्हणतो, आता नवी माणसं कुठं शिकू?"

मी सांगितलं त्याला. त्यानं ऐकून घेतलं. "सोल्वेगच्या नवऱ्याचा आवाज मोठा आहे," म्हणाला. "मला ऐकू येत नाही, पण त्याच्या मानेच्या शिरा दिसतात ना. दमायला होतं बघून." सोल्वेग एकटीच परत गेली.

पुढं माझी आई आजारी पडली, मी तिच्याकडं राहायला गेले, आणि शेडमधले रविवार सुटले. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात जाईन. तो दुपारी दुकानात यायचा, सूर्यफुलाचं बी घ्यायचा, आम्ही एकमेकांना हात करायचो.

गेल्या शरदात मी आईची औषधं घेऊन उत्तरेच्या रस्त्यानं येत होते. टोलेफसनांचं जुनं शेत लागतं तिथं. विकून टाकलंय, पण कोपऱ्यातली वाळूची खाण कुणी वापरत नाही. गोळीचा आवाज आला. एकच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. मी गाडी थांबवली, कुंपणाशी गेले. खाली अर्विड होता. एका खोक्यावर बंदूक टेकवून, पुढं डब्याचं निशाण. गोळी मारायचा, उठायचा, पुंगळी उचलायचा, फुंकर मारून खिशात टाकायचा, पुन्हा बसायचा. वारा गवत झोपवत होता. आसपास मैलभर कुणी नाही.

मला खाली जावंसं वाटलं. पण मागून गेले असते तर तो दचकला असता, आणि पुढून जायला वाट नव्हती. मी गाडीपाशी परत आले आणि तिचे दिवे लावले, विझवले, लावले, विझवले. तिसऱ्या खेपेला त्यानं वर पाहिलं. कपाळावर हात धरून ओळखायचा प्रयत्न केला. मी दोन्ही हात हलवले.

त्यानं बंदूक उघडून मोकळी केली आणि खोक्यावर ठेवली, मला दिसेल अशी. मग हात वर केला. मी थोडा वेळ थांबले, तोही थांबला. तो खाली, मी वर, आणि दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना. शेवटी आईच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून मी निघाले. वळणावर काच खाली केली तेव्हा पुढची गोळी ऐकू आली.